वेलीने पीळ दिलेले लाकूड

इंग्लंडमधील हेझलच्या राईत हिवाळ्यात पाने गळून पडली, की सरळ वाढलेल्या शेकडो काठ्यांमध्ये एखादीच काठी निराळी उठून दिसते. बुंध्यापासून वरपर्यंत तिच्याभोवती एक खोल खाच फिरत गेलेली असते आणि खाचेच्या वरच्या कडेला तेवढाच ठसठशीत उंचवटा असतो. खाचेत कधी वेलीचे जिवंत खोड रुतलेले सापडते, तर कधी वेल मरून केवळ तिची जागा उरलेली असते. हातकाठ्या तयार करणाऱ्या तिकडच्या कारागिरांना अशा पीळदार काठीचे मोठे अप्रूप असते. सुताराने कोरलेला पीळ आणि वेलीने दिलेला पीळ बाहेरून सारखेच दिसतात. परंतु लाकडाच्या आत त्यांच्यात मूलभूत भेद असतो. या काठ्यांचे खरे मोल त्या भेदात आहे आणि तो समजण्यासाठी आधी वेलीची आणि झाडाची ओळख करून घ्यावी लागते.

हे काम करणारी तेथील प्रमुख वेल म्हणजे रानटी हनीसकल. तिचे शास्त्रीय नाव लोनिसेरा पेरिक्लायमेनम. लोनिसेरा हे प्रजातिनाम आडाम लोनिसर (१५२८–१५८६) या जर्मन वनस्पतिज्ञाच्या स्मरणार्थ आहे. ही बहुवर्षायू, काष्ठमय वेल असून तिच्या जुन्या खोडाची साल लांब, मऊ पट्ट्यांनी सुटते. उन्हाळ्यात तिला मलईच्या रंगाची, पुढे पिवळी होत जाणारी नळीसारखी फुले येतात. त्यांचा सुगंध सायंकाळी वाढतो आणि लांब सोंडेचे पतंग मधासाठी त्यांच्याकडे येतात. पुढे लाल फळांचे घोस धरतात. हिवाळा पुरता सरण्याआधीच, भोवतालची झाडे उघडी असताना, हिला नवी पाने फुटू लागतात. त्यामुळे रानाच्या तळाशी पोचणारा ऐन सुरुवातीचा प्रकाश तिला मिळतो.

आधार देणारे झाड बहुधा हेझल असते. चॉकलेटात घातले जाणारे हेझलनट या झाडाच्याच कुळीचे. याचे शास्त्रीय नाव कोरिलस अवेलाना. हेझल बुडापासून तोडले, की त्याच ठिकाणाहून अनेक सरळ फुटवे जोमाने वर येतात. इंग्लंडमध्ये शतकानुशतके अशा राया साधारणपणे ७ ते १० वर्षांनी आळीपाळीने तोडल्या जात. फुटव्यांपासून मेंढ्यांच्या वाड्याची कूड, गवती छपरे शाकारण्याच्या कामट्या आणि वेलभाज्यांचे आधार तयार होत. विसाव्या शतकात ही मागणी ओसरली, अनेक राया वेळेवर तोडल्या गेल्या नाहीत आणि हनीसकलला फुटव्यांवर निवांत चढायला अवधी मिळाला. हेझलखेरीज अ‍ॅश, बर्च, रोवन, हॉली यांच्या कोवळ्या खोडांवरही असा पीळ आढळतो.

प्रत्येक वेल झाडाला पीळ देऊ शकत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. वेलींचे चढण्याच्या रीतीनुसार वर्गीकरण करण्याचे पायाभूत काम चार्ल्स डार्विन याने केले. त्याआधी १८२७ मध्ये पाम आणि फोन मोल या दोन जर्मन अभ्यासकांनी या विषयावर ग्रंथ लिहिले होते. १८५८ मध्ये अमेरिकन वनस्पतिज्ञ एसा ग्रे यांनी तनाव्यांच्या हालचालीविषयी एक टिपण प्रसिद्ध केले. ते वाचून डार्विनचे कुतूहल जागे झाले, आणि १८६५ मध्ये त्याने लिनीअन सोसायटीच्या नियतकालिकात आरोही वनस्पतींच्या हालचालींवर दीर्घ निबंध लिहिला. तो १८७५ मध्ये पुस्तकरूपाने आला. या अभ्यासाच्या काळात प्रकृती बरी नसल्याने डार्विनला पुष्कळदा खोलीतच राहावे लागे. त्याने कुंडीतील हॉप नावाची वेल खोलीत आणून ठेवली आणि तिचा शेंडा हवेत गोल फिरतो कसा, हे तासन्‌तास पाहिले. उबदार हवेत दिवसा त्या शेंड्याची एक फेरी सरासरी २ तास ८ मिनिटांत पूर्ण होत असे. आधाराच्या शोधात शेंड्याने घेतलेल्या या फेरीला परिवलन म्हणता येईल. फेरी घेता घेता मध्ये एखादी काठी आली, की शेंड्याचा पुढचा भाग तिच्याभोवती फिरत राहतो आणि वेटोळे पडते.

डार्विनने मांडलेले गट मराठी वाचकाला सह्याद्रीतील ओळखीच्या वेलींवरून चटकन समजतील. पहिला गट खोडानेच आधाराला वेढणाऱ्या वेलींचा. गुळवेल, गुंज, बेडकी, मालकांगोणी या त्यातल्या. दुसऱ्या गटातील वेली संवेदनशील अवयवांनी धरून चढतात. मोरवेल पानाच्या देठाने, कळलावी पानाच्या टोकाने आणि काकडी, दोडका, कांडवेल या तनाव्यांनी पकड घेतात. तिसरा गट आकड्यांचा; वेत काटेरी आकडे अडकवून वर सरकतो. चौथ्या गटात मुळांनी चिकटणाऱ्या वेली येतात आणि मिरी हे त्यांचे उत्तम उदाहरण आहे. या चारांपैकी पीळदार काठी घडवतो तो केवळ पहिला गट. तनावे बारीक आणि तुटके असतात, मुळे सालीला चिकटून राहतात, आकडे सैल असतात. ज्या वेलीचे मुख्य खोडच झाडाभोवती फिरते, ते खोड वर्षानुवर्षे टिकते आणि लाकडासारखे कठीण होते, तीच वेल झाडाच्या वाढीला आवळू शकते. गुंजेसारख्या बारीक वेलीकडून एवढी अपेक्षा करता येत नाही. मालकांगोणीकडून येते.

आधार किती जाड असावा, यालाही मर्यादा आहे. समशीतोष्ण प्रदेशातील बहुतेक वेढणाऱ्या वेली जाड खोडाला वेढू शकत नाहीत, असे डार्विनने नोंदवले. हनीसकल मात्र त्याला साडेचार इंच, म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर, व्यासाच्या कोवळ्या बीच वृक्षावर चढलेली दिसली. काठीच्या दृष्टीने याहून कितीतरी बारीक, बोटाएवढ्या जाडीच्या फुटव्यावर वेल चढलेली असावी लागते.

वेटोळ्याच्या दिशेचा प्रश्न अनेकांना मोहात पाडतो. सूर्य ज्या बाजूने फिरतो त्या बाजूने वेल फिरते, असा समज फार जुना. तसे असते तर विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील वेली उत्तरेकडील वेलींच्या उलट फिरल्या असत्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९ देशांतील १७ ठिकाणच्या वेली तपासल्या गेल्या. त्यांतील ९२ टक्के वेली उजव्या मळसूत्राच्या निघाल्या आणि गोलार्धाचा त्यावर कोणताही परिणाम दिसला नाही. दिशा त्या त्या जातीच्या अंगभूत गुणांवर ठरते. आपल्याकडील कोनफळ आणि कडू कारांदा हे एकाच प्रजातीचे दोन कंद, पण त्यांच्या वेली परस्परविरुद्ध दिशांनी वेढे घालतात आणि वनस्पतिज्ञ त्यांची ओळख पटवताना या खुणेचा उपयोग करतात. हनीसकल अल्पसंख्य गटातली आहे. नेहमीच्या स्क्रूचे आटे समोरून पाहिले, तर ते डावीकडून उजवीकडे वर चढतात. हनीसकलने घडवलेली काठी हातात उभी धरली, तर खाच उजवीकडून डावीकडे वर चढलेली दिसते. वेल गळून गेली असली तरी काठीवर तिची ही सही राहते. हॉपची दिशाही हीच. कुंपणावर चढणाऱ्या बाइंडवीडची दिशा नेमकी उलटी असते.

आता खाच पडते कशी, ते पाहू. वेल झाडाला अजगराप्रमाणे आवळते, अशी सर्वसाधारण कल्पना असते. कोवळी वेल आधाराला घट्ट लपेटून घेते हे खरे. पण पुढचा सारा दाब झाडाच्या स्वतःच्या वाढीतून निर्माण होतो. झाडाचे खोड दरवर्षी जाड होत जाते. वेलीचे खोड तोवर काष्ठमय झालेले असते आणि त्याला ताणले जाऊन लांब होणे शक्य नसते. जाड होऊ पाहणारे खोड आणि न ताणणारे वेटोळे यांमध्ये झाडाची साल चेपली जाते. सालीच्या आतल्या बाजूला परिकाष्ठ हा ऊतींचा थर असतो आणि पानांत तयार झालेली साखर याच थरातून मुळांकडे उतरते. त्याच्या आत ऊतककर, म्हणजे दरवर्षी नवे लाकूड व नवी साल निर्माण करणारा पेशींचा पातळ थर, आणि त्याच्याही आत प्रकाष्ठ, म्हणजे पाणी वर नेणारे लाकूड. वेटोळ्याखाली परिकाष्ठ दबले, की साखरेची वाट अडते. अडलेले पोषण वेटोळ्याच्या वरच्या कडेला साचते, तेथील ऊतककराला अधिक अन्न मिळते आणि तो अधिक लाकूड तयार करतो. वेटोळ्याखाली वाढ जवळजवळ थांबलेली असते. एका बाजूला थांबलेली वाढ आणि लगतच वेगाने झालेली वाढ मिळून खाच व उंचवटा यांची जोडी तयार होते.

या घटनेचे मूळ तत्त्व सतराव्या शतकातच प्रयोगाने सिद्ध झाले होते. इटलीतील मार्चेल्लो मालपीगी (१६२८–१६९४) याने फांदीभोवतीच्या सालीचा कंकणाकार पट्टा काढून पाहिला, तेव्हा पट्ट्याच्या वरच्या कडेला फांदी फुगली. पानांकडून खाली येणारा पोषक रस सालीतून वाहतो, हे त्यावरून त्याने ताडले. आपले बागाईतदार गुटी कलम बांधताना फांदीची साल गोलाकार काढतात, तेथेही वरच्या कडेलाच गाठ धरते आणि मुळ्या फुटतात.

मग वेलीने आवळलेले झाड मरत का नाही? याचे उत्तर वेटोळ्याच्या आकारात आहे. साल पूर्ण वर्तुळात तुटली तर मुळे उपाशी राहतात आणि काही काळाने झाड वाळते. वेलीचे वेटोळे मात्र बंद वर्तुळ नसून चढत जाणारे मळसूत्र असते. एका वेढ्यात आणि दुसऱ्या वेढ्यात जिवंत सालीचा एक अखंड पट्टा राहतो. साखर सरळ खाली न उतरता या पट्ट्यातून झाडाभोवती फिरत फिरत मुळांपर्यंत पोचते. प्रवाहाची दिशा बदलली, की ऊतककर नवे तंतूही त्याच दिशेने मांडू लागतो. काही वर्षांत काठीच्या बाहेरील वलयांतील तंतू वेलीला समांतर, तिरपे जातात. गाभ्यातील आरंभीचे तंतू सरळ आणि बाहेरचे पिळलेले, असा दुहेरी थर आडवा छेद घेऊन बारकाईने पाहिल्यास ओळखता येतो. वेल पुढे मेली वा तोडली गेली, तर झाड खाच भरून काढू लागते. क्वचित वेलच पूर्णपणे लाकडात गाडली जाते आणि करवतीने कापल्यावर तिचा लहानसा गोल काप आत सापडतो.

सुताराच्या कामाशी तुलना येथेच करावी लागते. युरोपात पीळदार खांबांची परंपरा प्राचीन आहे. रोमच्या सेंट पीटर बॅसिलिकेतील, १६३० च्या दशकात पूर्ण झालेल्या बर्निनीच्या भव्य ब्राँझ मंडपाचे खांब असेच पिळलेले आहेत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये खुर्च्या-टेबलांच्या पायांना असा पीळ देण्याची आवड पसरली. पोर्तुगीज वेदींवर तर पीळदार खांबांभोवती द्राक्षवेल, पाने आणि घड कोरण्याची रीतच पडली, आणि ती रीत गोव्यातील जुन्या चर्चमधील सोनेरी मुलाम्याच्या लाकडी वेदींवर आजही पाहता येते. तिथे कारागिराने वेल कोरली आणि वेलीने दिलेला पीळही कोरला. पण कोरलेल्या किंवा कातलेल्या पिळात लाकडाचे तंतू मूळचे सरळच राहतात. छिन्नी त्यांना जागोजागी आडवे तोडते. पीळ जितका खोल, तितके तुटके तंतू अधिक. त्यामुळे असा पाय बारीक ठेवला तर आघाताने उंचवट्याचा तुकडा उडतो. वेलीने दिलेल्या पिळात तंतू आकाराबरोबर फिरलेले असतात, पृष्ठभागावर एकही तुटलेला नसतो. जिथे वेलीने साल आत दाबून धरली, तिथे मात्र लाकूड एकजीव होत नाही आणि खाच फार खोल असेल तर काठीचा मूळ गाभाच बारीक राहतो. देखणी काठी आणि भरवशाची काठी यांतली निवड कारागिराला येथे करावी लागते. टेकून चालण्यासाठी मध्यम खोलीची, सारख्या अंतराने फिरलेली खाच उत्तम, असे मला वाटते. अतिखोल पिळाच्या काठ्या भिंतीवर शोभतात.

काठी तोडण्याचा हंगाम हिवाळा. त्या काळात रस उतरलेला असतो, साल लाकडाला घट्ट धरून असते आणि पाने नसल्यामुळे पीळ दुरूनही दिसतो. काठी हव्या त्या लांबीपेक्षा वीतभर जास्त ठेवून कापतात, कारण वाळताना तडे टोकांकडून सुरू होतात. दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावला, की ओल तिथून भराभर निघून जात नाही. मग काठ्यांच्या जुड्या बांधून त्या सावलीत, हवेशीर जागी आडव्या मुरवत ठेवतात. जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, हा कारागिरांचा ठोकताळा आहे. उन्हात किंवा शेगडीजवळ घाई केली, तर खाचेच्या बाजूने लांबच लांब चीर पडते आणि मग ती काठी कामाची राहत नाही.

वेलीचे काय करायचे, याबाबत दोन पद्धती आहेत. सैल असलेली वेल तिच्या फिरण्याच्या उलट दिशेने हळूहळू उलगडून काढतात. घट्ट रुतलेली वेल ओढून काढली तर झाडाची साल सोबत निघते आणि खाचेची कड फाटते. अशा वेळी काठी वाळू देतात. वाळताना वेल आकसून सुटली तर ठीक, नाही तर ती आहे तशी राहू देतात. हेझलच्या तपकिरी सालीत रुतलेली हनीसकलची फिकट दोरी कायम ठेवलेल्या काठ्या मला विशेष सुंदर वाटतात, कारण कर्ता आणि कार्य दोन्ही त्यांत एकत्र दिसतात.

मुरलेल्या काठीचा बाक काढण्यासाठी वाफ देतात. उष्णतेने आणि ओलाव्याने लाकूड काही काळ मऊ पडते. तेवढ्यात ती दाबून सरळ करायची आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. पीळदार काठीत हे काम अवघड असते, कारण पिळाला हात न लावता केवळ तिचा मध्याक्ष सरळ आणायचा असतो. दाब खाचेवर पडला तर काठी तिथेच मोडते. म्हणून तो उंचवट्यावर येईल अशी काठी फिरवून धरतात. त्यानंतर खाचेतील मेलेली साल, धूळ, शेवाळ बारीक ब्रशने काढायचे. हे सर्वांत वेळखाऊ काम आहे. अंगठ्याचे नख खाचेतून सरकवत नेले, की कुठे मऊ, भुसभुशीत साल राहिली आहे ते कळते. बाहेरची साल मात्र जपतात, कारण हेझलच्या सालीवरची रुपेरी-तपकिरी झळाळी हेच त्या काठीचे रूप. काचकागद उंचवट्यावर अगदी हलक्या हाताने फिरवतात आणि शेवटी पक्के जवसाचे तेल किंवा व्हार्निश यांचे पातळ हात देतात.

टोकाला पितळी शेंबी किंवा रबरी बूच बसवतात. मूठ अनेक प्रकारची असते. फांदीचे नैसर्गिक बेचके ठेवून केलेली, बेचक्यात अंगठा टेकवायची उंच काठी डोंगरात चालणाऱ्यांना सोयीची. मेंढ्याच्या शिंगाची वाकवलेली मूठ हे मेंढपाळांच्या परंपरेचे वैभव. हरणाच्या शिंगाचा तुकडाही बसवला जातो. हातकाठीची लांबी ठरवताना माणसाने नेहमीची पादत्राणे घालून सरळ उभे राहायचे, हात सैल सोडायचा आणि मनगटाच्या हाडापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजायचे. ब्रिटनमध्ये १९८४ मध्ये काठी-कारागिरांचा एक संघ स्थापन झाला, आणि तेथील कृषिप्रदर्शनांत काठ्यांच्या स्पर्धा भरतात.

हातकाठीशिवाय या लाकडाचे उपयोग आहेतच. दिव्याचे खांब, लहान टेबलांचे पाय, जिन्याच्या कठड्याचे गज, दारांच्या मुठी, पडद्यांच्या दांड्या, पाळीव पक्ष्यांच्या पिंजऱ्यातील बसण्याच्या फांद्या, असे अनेक. या वापराला अमेरिकेत मोठी पार्श्वभूमी मिळाली. न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत १८७० च्या दशकात विल्यम वेस्ट ड्युरंट याने कॅम्प पाइन नॉट ही वास्तू उभारायला घेतली. तिथून पुढे त्या भागात धनिकांच्या वनगृहांची एक शैलीच रूढ झाली. सालीसकट ओंडके, वाकडी मुळे आणि गाठाळ फांद्या यांच्यापासून कठडे, खुर्च्या, पलंग तयार झाले. झाडाने दिलेला आकार न बदलता वापरायचा, हे त्या शैलीचे सूत्र होते आणि पीळदार लाकूड त्यात सहज सामावले.

अमेरिकेत हे काम करणाऱ्या वेली मात्र बहुतांशी परदेशी आहेत. जपानी हनीसकल तेथे १८०६ मध्ये शोभेसाठी आली. पूर्व आशियातील बिटरस्वीट ही वेल १८६० च्या सुमारास आली; ती सिलॅस्ट्रस प्रजातीची, म्हणजे आपल्या मालकांगोणीची जवळची नातलग. दोन्ही वेली बागांतून रानात शिरल्या आणि आज उपद्रवी गणल्या जातात. बिटरस्वीटचे खोड जाड आणि कठीण होते, तिचा आवळ हनीसकलपेक्षा जबर असतो आणि मेपल, ससाफ्रास यांसारख्या झाडांची रोपे त्यात मोडतात किंवा मरतात. अशा वेलीने पिळलेले रोप कापून काठी करणे हे त्या रानाच्या हिताचेच, मात्र वेलही मुळासकट काढली पाहिजे.

दिसायला सारख्या, पण कारणाने अगदी वेगळ्या अशा काही वस्तूंशी या काठ्यांची गल्लत होते. नागमोडी फांद्यांचे एक हेझल बागांतून लावले जाते. स्कॉटिश गायक-विनोदवीर सर हॅरी लॉडर (१८७०–१९५०) वेडीवाकडी काठी घेऊन रंगमंचावर येत असे आणि त्याच्या काठीचे नाव या झाडाला लोकांनी दिले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील एका कुंपणात ते सापडले; त्याचा वाकडेपणा आनुवंशिक आहे, त्यात वेलीचा हात नाही. उत्तर कॅनडा आणि अलास्कातील विलोच्या काठ्यांवर शंकरपाळ्याच्या आकाराचे खळगे असतात, ते बुरशीमुळे पडतात. आपल्या हिमालयातील चीड वृक्षाच्या खोडात तंतूंचा सर्पिल पीळ दिसतो, तोही झाडाचा स्वतःचा गुण. अशा लाकडाच्या फळ्या वाळताना मुरडतात, म्हणून इमारती कामाला ते नापसंत. वेलीच्या पिळाची खात्रीची खूण एकच, बाहेरून पडलेली सलग खाच आणि तिच्या वरच्या कडेचा उंचवटा.

झाड जिवंत असताना त्याच्या वाढीकडूनच काम करून घेण्याची ही कल्पना माणसानेही उचलली आहे. काही इंग्रज कारागीर हेझलच्या फुटव्यावर हनीसकल मुद्दाम चढवतात किंवा दोरी गुंडाळून ठेवतात. फ्रान्स-स्पेन सीमेवरील बास्क लोकांची माकिला ही मानाची काठी मेडलर वृक्षाच्या फांदीची असते. वसंतात जिवंत फांदीच्या सालीवर छेद देतात, झाड ते छेद भरून काढताना तिथे उठावदार नक्षी तयार होते आणि फांदी हिवाळ्यात कापली जाते. फ्रान्समधील लार्रेसोर या गावात ही कला एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या चालवली आहे. जपानमध्ये क्योतोच्या उत्तरेकडील कितायामा भागात सूचिपर्णी वर्गातील सुगी वृक्षाच्या उभ्या खोडाभोवती बारीक कांड्या तारेने बांधून ठेवतात. खोड वाढताना कांड्यांच्या जागी खोबण्या पडतात आणि असा लहरदार खांब घरातील तोकोनोमा या मानाच्या कोनाड्याजवळ उभा करतात. वेल जे काम नकळत करते, ते येथे तार आणि कांड्या योजून केले जाते. परिकाष्ठ, ऊतककर आणि दाब यांचे गणित तेच.

वनव्यवस्थापकाच्या दृष्टीने मात्र असा पीळ हा दोष आहे. सरळ, लांब इमारती लाकूड हवे असेल तर वेल नको. भारतातही सागवानी लागवडीची निगा राखताना वेली तोडणे हे ठरलेले काम असते. परंतु इंग्लंडमध्ये या विचाराला एक दुसरी बाजूही मिळाली. हेझल डॉर्माउस हा झाडांवर राहणारा, हिवाळाभर झोपणारा लहानसा सस्तन प्राणी हनीसकलच्या सालीचे मऊ पट्टे सोलून त्यांचे गोल घरटे विणतो. तेथे त्याला कायद्याचे संरक्षण आहे. व्हाइट अ‍ॅडमिरल हे फुलपाखरू सावलीत लोंबणाऱ्या हनीसकलच्या पानांवरच अंडी घालते आणि त्याच्या सुरवंटांचे अन्नही हीच वेल. म्हणून जाणती माणसे राई तोडताना काठीपुरता फुटवा घेतात आणि लोंबणाऱ्या वेली राहू देतात.

महाराष्ट्रात वाकड्या मुळ्या-फांद्यांतून आकार शोधण्याचा काष्ठशिल्पाचा छंद अनेकांनी मनापासून जोपासला आहे. मालकांगोणी आणि पळसवेल यांच्यासारख्या काष्ठमय वेलींनी आवळलेल्या काठ्या त्या छंदाला उत्तम सामग्री पुरवू शकतात. अशी काठी घेताना जागा कोणाची आहे, हे आधी पाहावे. राखीव वनातून लाकूडफाटा नेण्यावर भारतीय वन अधिनियम, १९२७ चे निर्बंध आहेत, आणि अभयारण्यातून वा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वर्ज्य आहे. शेताचा बांध, परसातली वई, जुन्या वाडीचे कुंपण या जागा मोकळ्या आहेत. तिथली छाटणी जाळण्याआधी एकदा हाताळून पाहावी. खाच सापडली, तर तिची दिशा, खोली आणि वेढ्यांमधले अंतर लिहून ठेवावे आणि कोणत्या वेलीने कोणत्या झाडाला पीळ दिला, तेही नोंदवावे.